चौकट चढेपर्यंत लग्न नाही

अहो, जरा वर बघा. भिंतीतल्या शेकोटीच्या डोक्यावर जी जाडजूड फळी आणि तिच्या दोन बाजूंना जे दोन खांब दिसतायत ना, ती मी. लाकडी चौकट. बोलतेय ती मीच, माझ्यावर बसलेलं घड्याळ नव्हे. त्याला टकटक करण्यापलीकडे काही येत नाही.

एक आधीच सांगून ठेवते. माझी गोष्ट सांगायला घेतली की मला हसू आवरत नाही. मध्येच कुठे 'कट्' असा आवाज आला तर घाबरू नका. लाकूड हसलं की असंच वाजतं.

जन्माने मी पिवळा बर्च. नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर, लुनेनबर्गच्या खाली एक लहानशी खाडी आहे, तिच्या मागच्या टेकडीवर मी उभी होते. माझी कोवळी काडी मोडून चघळली की तोंड गार पडायचं, म्हणून शाळेतली पोरं येता-जाता माझ्या फांद्या ओरबाडायची. मग एका सप्टेंबरात मोठं वादळ आलं आणि मी मुळासकट आडवी झाले. सगळ्यांनी मला जळणात काढलं होतं. पण ऑब्री झ्विकर आला, त्याने माझ्या बुंध्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "हं."

हा ऑब्री म्हणजे खाडीवरचा होड्या बांधणारा. तेव्हा साठीचा, सडाफटिंग. शब्द वापरण्याच्या बाबतीत भारी काटकसरी. त्याच्या त्या एका 'हं'मुळे मी चुलीतून वाचले. त्याने माझ्या फळ्या पाडल्या, मध्ये बारक्या पट्ट्या घालून थर लावले आणि आपल्या शेडमध्ये वाळायला ठेवल्या. तिथे मी अकरा वर्षं पडून होते. अकरा वर्षांत ऑब्रीने माझ्यासमोर नऊ होड्या बांधल्या आणि सगळे मिळून वीसेक शब्द उच्चारले असतील. त्यातले बरेचसे अंगठ्यावर हातोडी बसल्यावरचे.

आणि मग एका हिवाळ्यात शेडचं दार उघडून व्हर्ना कॉर्कम आत आली. हातात मोडक्या पायाची खुर्ची.

व्हर्ना खाडीच्या पलीकडच्या काठावर राहायची, थोरली बहीण लिओटाबरोबर. चौतीस वर्षं तिने गावचं पोस्ट सांभाळलं होतं. नवरा कर्टिस जाऊन नऊ वर्षं झाली होती. वय सदुसष्ट, पण चालताना अशी पावलं टाकायची की शेडमधला भुसा उडायचा.

"ऑब्री, या खुर्चीचा पाय मोडलाय. जमेल का?"

"हं."

तीन आठवड्यांनी ती दुसरी खुर्ची घेऊन आली. मग तिसरी. त्या हिवाळ्यात तिच्या जेवणाच्या टेबलाच्या सहाच्या सहा खुर्च्या पाय मोडून आल्या. चौथ्या खुर्चीपासून ऑब्री दाढी करून बसू लागला. पाचव्या खुर्चीला त्याने चहा विचारला, आणि दुसरं टेबल नसल्यामुळे कप माझ्यावर ठेवले. सहावी खुर्ची उलटी करून त्याने मोडलेला पाय निरखून पाहिला. मीही पाहिला. तो मोडलेला नव्हताच. कापलेला होता, आणि तोही बहुतेक पाव कापायच्या सुरीने.

ऑब्रीने खुर्ची हळूच खाली ठेवली. कान मात्र लालबुंद झाले. मग घसा खाकरून म्हणाला, "व्हर्ना, तुझ्याकडच्या खुर्च्या आता संपल्या."

"संपल्या खऱ्या," व्हर्ना कपात बघत म्हणाली. "कपाट मोडायचं तर जड जातंय."

"मग आपण लग्नच करून टाकूया का?"

अकरा वर्षांत त्याने बोललेलं ते सगळ्यात लांब वाक्य. मी श्वास रोखून धरला. लाकडाला तो रोखता येतो, हवं तर एखाद्या सुताराला विचारा.

व्हर्नाने कप खाली ठेवला. "ऑब्री, कर्टिस आणि मी एकदा घरी बसल्या बसल्या पुढच्या खोलीला वॉलपेपर लावायला काढला. मध्ये येतेय म्हणून त्याने शेकोटीवरची जुनी चौकट उपटून फेकली. त्यावरून भांडण झालं आणि सहा आठवडे आम्ही बोललो नाही. मला काही सांगायचं असलं की तो पत्र टाकायचा. तिकीट माझ्याकडूनच विकत घ्यायचा! ते पत्र मीच शिक्का मारून मीच घरी न्यायचे."

ऑब्रीला हसू आलं, पण व्हर्ना हसत नव्हती.

"ते सहा आठवडे मी विसरलेले नाही. घरात माणूस आहे आणि आवाज नाही, ते परत नको मला. म्हणून माझी अट ऐक. त्या शेकोटीला आजवर चौकट नाही. ती तू आणि मी मिळून करायची, आपल्या हातांनी. चौकट भिंतीवर चढेपर्यंत उत्तर नाही. आणि मध्येच आपलं बोलणं बंद पडलं, तर उत्तर 'नाही'."

"मी तर तसाही बोलत नाही," ऑब्री काळजीने म्हणाला.

"मग शिक!"

ऑब्रीने इकडे तिकडे पाहिलं आणि त्याची नजर कपांखालच्या फळीवर, म्हणजे माझ्यावर आली. "हं," तो म्हणाला, आणि घाईघाईने पुढे जोडलं, "म्हणजे, ही चांगली आहे. बर्च. वाळलेली आहे. सात फूट आहे." एका दमात चार वाक्यं! व्हर्ना इतकी हसली की कप सांडला. त्या चहाचा डाग अजून माझ्या खालच्या अंगाला आहे.

काम सुरू झालं एप्रिलमध्ये. आणि काय सांगू तुम्हाला, एवढी धमाल मी उभ्या जन्मात, म्हणजे झाड असतानासुद्धा, पाहिली नव्हती. व्हर्ना माप घ्यायची ती टेपने, तीनतीनदा, आणि जुन्या पाकिटाच्या पाठीवर इंच, अर्धा, पाव, अर्धपाव असं सगळं लिहून काढायची. ऑब्रीकडे टेप नव्हताच. त्याच्याकडे एक काठी होती. शेकोटीशी धरून तो तिच्यावर चाकूने खुणा करून आणायचा. एकाचा दुसऱ्याच्या मापावर काडीचा विश्वास नाही. शेवटी पाकीट आणि काठी शेजारी ठेवून ताडून पाहिली, तर केसाचा फरक नाही! दोघांचेही चेहरे पडले.

ऑब्रीने तिला रंधा धरायला शिकवलं. "ढकलू नकोस. चालत ये त्याच्याबरोबर." ती चालत यायची आणि माझ्या अंगावरून लांबच लांब कुरळ्या साली निघायच्या. एकदा तिने अशी एक साल ऑब्रीच्या टकलावर ठेवली. तो तासभर ती तशीच डोक्यावर घेऊन काम करत होता. किराणावाला बिल द्यायला आला, त्याने पाहिलं, आणि संध्याकाळपर्यंत ती बातमी दोन्ही काठांवर पोचली.

भिंतीत आतले उभे वासे कुठे आहेत ते शोधायला व्हर्ना आपल्या घरच्या भिंतीवर टकटक करायची आणि शेजारच्या खोलीतून ऑब्री ओरडायचा, "कोण आहे?" ही गंमत त्यांनी एका दुपारी पंधरा वेळा केली. हे मला लिओटाने सांगितलं. म्हणजे ती ऑब्रीला वैतागून सांगत होती, मी ऐकलं. "मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे," ती म्हणाली, "आणि माझ्या घरात दोन सात वर्षांची मुलं आहेत. ऑब्री, चौकट बनतेय की नाही नक्की?"

बनत होते. मोठी फळी वरचं कपाळ झाली. उरलेल्या फळ्यांचे दोन पोकळ खांब झाले. आगीच्या तोंडापासून लाकूड हातभर लांब राहावं म्हणून मध्ये विटांचा पट्टा मोकळा सोडायचं ठरलं, ते ऐकून माझा जीव भांड्यात पडला. खाचा पाडल्या, सरस लावला, शिकंजे आवळले. जवसाचं तेल चोळल्यावर तर मी अशी काही सोनेरी दिसू लागले की ऑब्रीने नव्या होडीकडेसुद्धा पाठ फिरवली.

मेच्या सुरुवातीला मला एकदा जागेवर लावून बघायचं ठरलं. ऑब्रीचा ट्रक बंद पडला होता, म्हणून मला होडीत घातलं. पुढे खांब, मध्ये आडवी मी, माझ्यावर व्हर्ना बसलेली, वल्ह्यावर ऑब्री, आणि मागे लिओटा. ती ऑब्रीला कोबी आणि सॉसेजचं पातेलं पोचवायचं निमित्त करून आली होती आणि तेच पातेलं मांडीवर घेऊन परत चालली होती. मधोमध एका मासेमारीच्या बोटीची लाट आली. होडी डुलली, व्हर्ना किंचाळली, कोबी सांडला. माझी दोन्ही टोकं होडीबाहेर आली होती, पाण्यावर तरंगत होते जणू. ऑब्री चक्क गायला लागला. सूर नव्हता, शब्द नव्हते, नुसतंच मोठ्याने. लिओटा म्हणाली, "अगं व्हर्ना, एक तर याला हो म्हण, नाहीतर मला पोहत जाऊ दे."

इथवर सगळं असं चाललं होतं. म्हणूनच पुढचं कुणालाच अपेक्षित नव्हतं.

व्हर्नाचं घर दीडशे वर्षांचं. जमीन समुद्राकडे कललेली, आणि छत तर एका टोकाला इंचभर खाली. मला दोन टेकूंवर उचलून शेकोटीवर धरलं. व्हर्नाने माझ्या पाठीवर लेव्हल ठेवली, काचेतला बुडबुडा बरोबर मध्यावर आला आणि तिने टाळी वाजवली.

ऑब्री चार पावलं मागे गेला. डोळे बारीक केले. "वाकडी आहे."

"वाकडी कशी? बुडबुडा बघ."

"छताकडे बघ. छत उतरतंय आणि ही सरळ. म्हणून ही वाकडी दिसते. डाव्या अंगाला जरा खाली घेऊ."

"ऑब्री, चौतीस वर्षं मी तराजूवर पत्रं तोलली. सरळ म्हणजे सरळ."

"आणि मी पन्नास वर्षं होड्या बांधल्या. होडीत सरळ असं काही नसतंच. डोळ्याला बरोबर वाटलं की बरोबर."

"वर अंडं ठेवलं तर गडगडत जाईल!"

"शेकोटीवर अंडं कोण ठेवतं?"

"मी ठेवीन!" म्हणाली, तरातरा आत गेली आणि खरंच अंडं घेऊन आली. ऑब्रीने मला डावीकडे कलतं केलं. तिने अंडं ठेवलं. माझ्या अंगावरून गुदगुल्या करत ते टोकाला गेलं आणि ऑब्रीच्या बुटावर फुटलं.

मी हसले. 'कट्' वाजलंही. दाराशी उभ्या लिओटाने तोंडाला पदर लावावा तसा एप्रन लावला. पण ते दोघं हसले नाहीत. ऑब्री बुटाकडे बघत राहिला, आणि ज्या माणसाने जन्मभर शब्द जपून वापरले त्याने नेमके नको ते शब्द उचलले.

"कर्टिस सहा आठवडे का बोलला नाही, ते आता कळलं मला."

 व्हर्नाचा चेहरा पांढरा पडला. "मग तूही नको बोलूस," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

ऑब्रीने मला खाली उतरवलं, खांद्यावर घेतलं आणि होडीत नेऊन ठेवलं. एकटाच वल्हवत निघाला. अर्धी खाडी ओलांडल्यावर त्याने वल्ही थांबवली. "मी असं का म्हणालो?" त्याने विचारलं. आसपास कुणी नव्हतं. माझ्या लक्षात आलं, तो मलाच विचारतोय.

त्यानंतर चार दिवस फोन वाजला नाही, दार उघडलं नाही. अटीप्रमाणे पाहिलं तर सगळं संपलं होतं. मी शेडमध्ये सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवी पडून होते. भिंत नसलेल्या चौकटीला काय अर्थ असतो सांगा? दोन खांब आणि एक फळी, बास. मला पुन्हा जळणाची स्वप्नं पडू लागली.

पण एक गोष्ट फक्त मला माहीत होती. ते चार दिवस ऑब्री गप्प नव्हता. सकाळी आला की माझ्यासमोर स्टूल ओढायचा आणि सुरू व्हायचा. "हे बघ व्हर्ना, तुझं अंडं बरोबर आहे. पण माझा डोळाही खोटा नाही." दुपारी, "व्हर्ना, मी चुकलो. मेलेल्या माणसाला मध्ये ओढायला नको होतं." कधी चिडून, "पण बूट माझा होता, व्हर्ना!" पन्नास वर्षं साठवलेलं सगळं बाहेर येत होतं. आईबद्दल बोलला, पहिली होडी बुडाली त्याबद्दल बोलला, एका नाचाला व्हर्नाला विचारायला निघाला होता आणि कर्टिसने आधीच विचारलं, तेही बोलला. मी सगळं ऐकलं. उत्तर देता येत नाही, याचं दुःख मला तेव्हा झालं तेवढं कधीच झालं नाही.

चौथ्या दिवशी बोलता बोलता तो एकदम उठला. त्याने उरलेल्या बर्चची एक लांब पट्टी घेतली आणि रंधायला लागला. एका टोकाला इंचभर जाड, आणि कमी होत होत दुसऱ्या टोकाला कागदासारखी. ती माझ्या वर, भिंतीकडच्या कडेला ठेवली. मी सरळच राहिले, पण वरची रेघ व्हर्नाच्या छतासारखी उतरत गेली. अंड्यासाठी सरळ, डोळ्यासाठी कलती! तो मागे सरकला, डोळे बारीक केले आणि जोरात ओरडला, "व्हर्ना!" मग त्याला आठवलं की इथे व्हर्ना नाही.

पाचव्या सकाळी पट्टी माझ्यावर तशीच ठेवून तो होडी घेऊन पलीकडे गेला. आणि तो खाडीच्या मध्यावर असेल नसेल तोच रस्त्याच्या बाजूचं दार उघडून व्हर्ना आत आली, घामाघूम. ती खाडीला वळसा घालून चालत आली होती.

"ऑब्री?" शेड रिकामी. ती त्याच्या स्टुलावर बसली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "ऑब्री, तिरकी लाव बाबा तुला हवी तशी. अंडं मी फ्रीजमध्ये ठेवीन." मग तिला माझ्यावरची पट्टी दिसली. तिने ती उचलली, जाड टोक पाहिलं, पातळ टोक पाहिलं, पुन्हा माझ्यावर ठेवली. आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी, आणि हसतेय.

तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. लिओटाचा आवाज एवढा मोठा की मलाही ऐकू आला. "व्हर्ना, तुझा माणूस इथे स्वयंपाकघरात बसलाय. तुझ्या वाटणीचे सॉसेज संपवले त्याने."

"त्याला तिथेच थांबव. मी येतेय!"

"तो म्हणतोय, तू थांब, तो येतोय."

"मी येतेय म्हणावं!" फोन आदळून व्हर्ना पळाली. पाऊण तासाने ऑब्री होडीतून उतरून शेडमध्ये शिरला. तिथे फक्त मी! त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे, आणि तो खांबाला धरून एवढा हसला की खाली बसला. फोन पुन्हा वाजला.

"दोघांपैकी कुणीतरी एकाने बूड टेकवा!" लिओटा कडाडली. "मी काय टपालखातं आहे?"

मग फोनवर व्हर्ना आली. थोडा वेळ नुसती धाप ऐकू येत होती.

"पट्टी पाहिली मी," ती म्हणाली.

"हं. म्हणजे... बरं झालं. व्हर्ना, कर्टिसचं मी बोललो ते वाईट बोललो."

"वाईटच होतं."

"आणि चार दिवस बोलणं बंद होतं. तुझ्या अटीप्रमाणे मी नापास."

पलीकडे काहीतरी ओढाताण झाली आणि लिओटाने फोन घेतला. "बंद? कोण म्हणतं बंद? चार दिवस ही किटलीशी बोलतेय! 'ऑब्री, तू असा का वागलास, ऑब्री, साखर किती घालू?' माझे कान किटले. तू काय करत होतास तिकडे?"

ऑब्री माझ्याकडे बघून लाजला. "मी फळीशी बोलत होतो."

"व्हर्ना म्हणून?"

"व्हर्ना म्हणून."

"मग बोलणं चालूच होतं. फक्त एकमेकांना ऐकू येत नव्हतं. निकाल लागला. आता ती लाकडं घेऊन ये, आणि येताना कोबी आण, सगळा तूच खाल्लायस."

त्याच दुपारी मी पुन्हा होडीतून निघाले. भिंतीवर आधी एक जाड पट्टी वाशांना आवळून बसवली, मला वरून तिच्यावर उतरवलं, खांब खाली सरकवले. व्हर्नाने लेव्हल ठेवली, बुडबुडा मध्यावर. ऑब्रीने वर ती उतरती पट्टी बसवली आणि चार पावलं मागे गेला, डोळ्याला बरोबर. शेवटचे स्क्रू ओठांत धरून तो स्टुलावर चढला होता, तेवढ्यात खालून व्हर्ना म्हणाली, "ऑब्री, माझं उत्तर 'हो' आहे."

"म्म्म्?"

"हो म्हणतेय मी!"

त्याने तोंड उघडलं आणि सगळे स्क्रू टणाटण खाली. सहा होते, सापडले पाच. तिघंही गुडघ्यांवर रांगत शोधायला लागले. ऑब्री घशाला हात लावून म्हणाला, "मी गिळला वाटतं." व्हर्नाने डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर विचारत होता, किती लांबीचा, आणि व्हर्ना पाकिटावर बघून सांगत होती, पावणेदोन इंच, सपाट डोक्याचा. लिओटाने शांतपणे ऑब्रीच्या शर्टाच्या खिशात हात घातला आणि सहावा स्क्रू काढून फोनसमोर धरला, जणू डॉक्टरला दिसणारच आहे.

लग्न जूनमध्ये झालं, माझ्याच समोर. खाडीत धुकं दाटलं होतं, पाहुणे कुडकुडत होते, म्हणून पाद्रीबाबा म्हणाले, शेकोटी पेटवा. मला सांगायला लाज वाटते, पण मी घाबरले. लाकूड आहे मी. कितीही तेल चोळा, आगीची भीती जात नाही. पहिली ठिणगी उडाली तेव्हा मी आतून थरथरले. मग हळूहळू खालून ऊब आली, विटांवरून, खांबांवरून, माझ्या पाठीपर्यंत. टेकडीवर असताना उन्हाळ्यातल्या सकाळी तशी ऊब यायची. लोकांनी हात पुढे केले, पाठी वळवल्या, बुटांतून वाफा निघाल्या. कुणीतरी माझ्यावर पहिला ग्लास ठेवला. मी मोठ्याने 'कट्' केलं आणि ऑब्री पाहुण्यांना म्हणाला, "बसतेय ती जागेवर." व्हर्ना म्हणाली, "नाही, हसतेय." तिचंच बरोबर होतं.

त्याला आता नऊ हिवाळे झाले. माझ्या अंगावर आज बऱ्याच गोष्टी आहेत: घड्याळ, लिओटाचा चष्मा, न उघडलेली बिलं, उघडून पुन्हा पुन्हा वाचलेली पत्रं. माणसांबद्दल मला एक कळलंय. काही अवघड सांगायचं असलं की ती माझ्यावर कोपर टेकतात. गेल्या वर्षी ऑब्रीच्या छातीत दुखलं, तीन आठवडे तो हॅलिफॅक्सच्या इस्पितळात होता. तेव्हा व्हर्ना सकाळी माझ्यावर कपाळ टेकून उभी राहायची.  मी तिचं ओझं पेलून धरलं; तेवढंच मला येतं. तो परत आला, आणि येता क्षणी दोघांचं भांडण झालं, की गाडीतून उतरताना पिशवी कुणी उचलायची. मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर एक विनंती करते. ओला ग्लास खाली काही घालून ठेवा. वर्षातून एकदा जवसाचं तेल चोळा. आणि कधी एकटे असलात तर खुशाल बोला आमच्याशी. आम्ही कुणाला सांगत नाही. आज तुम्हाला सांगितलं ते सोडून द्या, आज मला राहवलं नाही.

आता थांबते. ते दोघं खोलीत आलेत. थंडी पडलीय, ऑब्री लाकडं रचून काडेपेटी शोधतोय. खिसे चाचपून झाले, खुर्चीखाली बघून झालं. काडेपेटी माझ्यावरच आहे, घड्याळाच्या मागे. मला दिसतेय. व्हर्नालाही दिसतेय, पण ती विणकामात मान खाली घालून ओठ दाबून बसलीय. त्याने तोंड उघडून विचारावं म्हणून थांबलीय.

"व्हर्ना," तो म्हणतोय.

"काय रे?"